लिही, स्वेटर बसला

माझी नणंद उलायुक या वसंतात गेली. गेली तेव्हा तोंडात एक दात नव्हता. वयानं नव्हे, कातडी चावून चावून. बुटाचं कातडं मऊ करायचं तर ते दातांखाली घ्यावंच लागतं, आणि हिनं जन्मभर आमच्या वस्तीचे आणि वरच्या ठाण्यावरच्या निम्म्या शिपायांचे बूट शिवले. तिच्या शिवणीतून पाण्याचा थेंब आत जायचा नाही आणि तिच्या तोंडातून शब्द बाहेर यायचा नाही. माझं उलटं. माझी शिवण उसवायची आणि तोंड बंद म्हणून व्हायचं नाही. त्यामुळे तिच्या वाटचं सगळं मीच बोलले, मीच लिहिलं, आणि तिथंच माती खाल्ली.

ठाणं टेकाडावर. पत्र्याच्या लांबट बराकी, तीन उंच खांब, आणि आत कानाला यंत्रं लावून कुणाकुणाचं आकाशातलं बोलणं ऐकत बसलेले गोरे शिपाई. त्यांच्यातच चारपाच हवामानवाले. खाली किनाऱ्यावर आमची सात घरं, ठाण्यानं फेकलेल्या खोक्यांच्या फळ्यांतून उभी केलेली. मधे एक पिवळं पिंप. पिंपाच्या वर आम्ही कामाशिवाय जायचं नाही, पिंपाच्या खाली त्यांनी यायचं नाही, असा मेजरचा हुकूम. सरकारनं आम्हाला जहाजात घालून इथं आणून सोडलं तेव्हा म्हणाले होते, दोन वर्षांत परत नेऊ. त्यांची दोन वर्षं अजून चाललीच आहेत.

पहिल्या हिवाळ्यात सील कुठल्या भेगेपाशी वर येतात तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. उपाशी होतो, स्पष्ट सांगते, त्यात लाज कसली? ठाण्याच्या उकिरड्यावर जायची बंदी. पण तिथं एल्डन नावाचा एक पोरगेला हवामानवाला होता. बावीस वर्षांचा, कान हे एवढे मोठे, लाजरा. दिवसातून दोनदा आभाळात फुगा सोडायचा, हे त्याचं काम. तो उकिरड्याच्या आमच्या बाजूला पाव आणि पीचचे डबे कागदात गुंडाळून ठेवायचा आणि वर दगड ठेवायचा. फेकलेलं आणि ठेवलेलं यातला फरक उपाशी माणसाला बरोबर कळतो.

उलायुकनं त्याला सीलच्या कातड्याचे हातमोजे शिवून पाठवले. ते घालून तो हुकूम मोडून खाली आला. चहा प्यायला, भाजलेली जाड रोटी खाल्ली आणि खिशातून आईचा फोटो काढून दाखवला. "मम," म्हणाला. मग अंगातला राखाडी स्वेटर ओढून दाखवला. निळा गळा होता त्याला. "मम," पुन्हा म्हणाला. म्हणजे आईनं विणलेला. उलायुकनं स्वेटर उलटा करून आतले टाके पाहिले आणि मान डोलावली. तिच्याकडून तेवढी मान डुलवून घ्यायला आम्हा बायकांना वर्षं लागायची.

दुसऱ्या हिवाळ्यात, सूर्य परत यायला आठवडा राहिला होता तेव्हा, भर दुपारी वादळ आलं. एल्डन फुगा सोडायला गेला तो परत आला नाही. बराकीपासून फुग्याच्या खोलीपर्यंत दोर बांधलेला असतो, तो धरून चालायचं. दोर जिथल्या तिथं होता. मग मात्र मेजर स्वतः पिंप ओलांडून खाली आला, कुत्र्यांच्या गाड्या मागायला. उलायुकचा नवरा पिलिपूसी नऊ दिवस हिंडला. समुद्रावरचं बर्फ जिथं तुटलं होतं त्या कडेला एक हातमोजा सापडला. पलीकडे काळं पाणी. ठाण्यानं त्याच्या घरी कळवलं की हरवला, सापडला नाही.

उलायुकला तेव्हा सहावा महिना होता. तिच्या स्वप्नात एल्डन आला. दारात उभा राहिला आणि पाणी मागू लागला. आमच्यात मेलेला माणूस पाणी मागतो तेव्हा त्याला परत यायचं असतं, यात विचारायचं काही नसतं. मे महिन्यात तिला मुलगा झाला. दाईनं ओलं बोट त्याच्या ओठांना लावलं आणि म्हणाली, "ये रे एल्डन." पोरगं रडायचं थांबलं.

नावाबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर त्याची नाती येतात. माझ्या थोरल्याला माझ्या सासऱ्यांचं नाव, म्हणून माझा नवरा स्वतःच्या पोराला "बाबा" म्हणायचा. बाबांनी चहा सांडला तरी रागवायची टाप नाही! तसंच हे. पिलिपूसी रांगत्या पोराला विचारायचा, "काय फुगेवाले, आज वारा कुठला?" ठाण्यावरून फुगा वर गेला की पोरगं हात उंच करायचं. पीचचा डबा उघडला की वेडं व्हायचं. आणि कान? कान तर बघायलाच नकोत.

पण पोर अंग धरीना. सारखी छाती भरायची. दुसऱ्या उन्हाळ्यात दाई म्हातारी त्याच्या पाठीला कान लावून बसली आणि म्हणाली, "नाव मुरलं नाही याच्या अंगात. ज्या आईनं ते आधी ठेवलं, तिनं एकदा त्याला नावानं हाक मारायला हवी. नाहीतर नाव थंड पडेल. आणि मग पोरही राहायचं नाही."

उलायुकनं हातातली सुई खाली ठेवली. मी तिला सुई खाली ठेवताना फार वेळा पाहिलेलं नाही.

"वहिनी, त्या आईला पत्र लिही."

मी छातीच्या दुखण्यानं तीन वर्षं दक्षिणेतल्या इस्पितळात पडून आले होते. गोऱ्यांची भाषा तिथं शिकले. वस्तीत लिहिता येणारी मीच, आणि त्याचा मला माजही होता.

"काय लिहू?" मी विचारलं.

"जे आहे ते. तुझा मुलगा परत आलाय म्हण."

"पुढं?"

"हातपाय धड आहेत. खातो. वाऱ्याला भितो. आम्हाला ओळखतो, पण जुनं फारसं आठवत नाही त्याला. आमच्याच घरात निजतो. छाती भरते त्याची, बरं नसतं. तू ये आणि त्याला एकदा हाक मार."

"अगं, तिकडची बाई कशाला मरायला येतेय या बर्फात?"

"आई आहे ती. येईल."

मी लिहिलं, अक्षर न् अक्षर. अक्षर सुंदर आलं होतं, म्हणून दोनदा वाचूनही दाखवलं. त्याचं वय लिहिलं नाही. कुणी लिहील का? परत आलेला माणूस लहानच असतो, हे काय सांगायला हवं? पण तीन वर्षं मी त्या लोकांत काढली होती. ते मेलेल्याला मेलेला म्हणतात आणि तिथंच सोडतात, हे मी पाहिलं होतं. मला कळायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उन्हाळ्यात येणाऱ्या जहाजाच्या आचाऱ्याकडे पत्र दिलं आणि वर त्याला सीलचं मांसही दिलं, म्हणजे हरवू नये.

पुढच्या वसंतात ठाण्याच्या विमानातून ती उतरली. एडना तिचं नाव. उंच, वाळकी, साठीला आलेली, आणि कान तेच. अंगावर शहरातला पातळ कोट, हातात पेटी. पुढे मेजर, लालबुंद, माझं पत्र मुठीत धरून. सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून, महिनोन् महिने सगळ्यांचं डोकं खाऊन तिनं विमानात जागा मिळवली होती म्हणे.

"पत्र कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हटलं. अजून मान ताठ होती माझी.

तिनं माझे दोन्ही हात धरले. धरले आणि सोडेचना. "देव तुमचं भलं करो. कुठाय तो? चालता येतं त्याला? मी त्याचे कपडे आणलेत." आणि तिथंच बर्फावर गुडघे टेकून तिनं पेटी उघडली. मोठ्या माणसाची पँट. दाढीचं सामान. आणि राखाडी स्वेटर, निळ्या गळ्याचा, कोरा.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. मी वाकून ती पँट घडी घालून परत पेटीत ठेवायला लागले.

उलायुकला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती घरातून पोराला घेऊन आली. त्याच्यासाठी तिनं पंधरा दिवस बसून नवा कोट शिवला होता, टोपीला कोल्ह्याची लव. तिचा चेहरा असा फुललेला मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. तिनं त्याच्या पाठीला हात लावून पुढं सारलं. "जा. तुझी आई आली."

पोरगं दोन पावलं चालत गेलं आणि शिकवलेला शब्द बोललं. "मम."

एडनानं त्याच्या डोक्यावरून आमच्या दारात पाहिलं. "आत आहे का तो? झोपलाय?"

मग मेजरनंच तिला सांगितलं. त्याला आमच्या चालीरीती अर्ध्यामुर्ध्या ठाऊक होत्या आणि तेवढ्याच त्यानं सांगितल्या. "या लोकांची समजूत असते तशी. बिचाऱ्यांच्या मनात वाईट नसतं." आणि माझ्याकडे वळून ओरडला, "अक्कल गहाण ठेवली होतीस का?"

"हो, ठेवली होती!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एडना खोक्यावर बसली. रडली नाही. पोराकडे बघत मला म्हणाली, "हा माझा मुलगा नाही. तुम्ही त्यांना सांगा. माझा मुलगा तेवीस वर्षांचा होता."

"काय म्हणाली?" उलायुकनं विचारलं.

"दमलेय म्हणाली," मी सांगितलं.

वाऱ्यानं विमान तीन दिवस अडकलं. ते तीन दिवस उलायुक पोराला घेऊन पिवळ्या पिंपापाशी उभी राहायची. मी म्हणायची, "घरात चल, पोराला वारा लागेल." ती म्हणायची, "ऐकू यायला हवी ना हाक." वरच्या बराकीच्या खिडकीत ती दुसरी उभी असायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या. मधे पिंप.

चौथ्या दिवशी वारा पडला. विमानाकडे जाताना एडना पिंपापाशी आली आणि थांबली. पोराच्या टोपीची नाडी सुटली होती. तिनं पेटी खाली ठेवली, हातमोजा काढला आणि नाडी बांधली. दुहेरी गाठ मारली, वरून ओढून पाहिली, जशी आया पाहतात. तिचा हात त्याच्या हनुवटीखाली राहिला. उलायुकनं माझं मनगट आवळलं. मी मनात म्हणत होते, घे बाई, एकदा घे नाव, तुझं काय जातंय! खालून मेजरनं भोंगा वाजवला. तिनं हातमोजा चढवला, पेटी उचलली आणि निघून गेली.

"नाही घेतलं नाव," उलायुक म्हणाली.

"घाबरली असेल गं."

"नाही घेतलं." बस, एवढंच. पोर विमानाला हात करत होतं.

जानेवारीत, सूर्य नसतो त्या दिवसांत, एल्डन गेला. सहा दिवस छाती वाजत होती. ठाण्यावरच्या डॉक्टरला खाली आणायला पिलिपूसी धावत गेला. तो आला, हुकूम मोडून आला, औषधही दिलं, पण उशीर झाला होता. दगडांखाली ठेवताना उलायुकनं त्याच्याजवळ तो सापडलेला मोठा हातमोजा ठेवला. "आता तरी जोडी नीट सांभाळ," असं काहीतरी ती त्याला पुटपुटली. मी तिच्या पाया पडले. म्हटलं, "माझ्या पत्रानं झालं हे. मला शिव्या दे, मार." तिनं मला उठवलं आणि चहा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर वस्तीत एक मुलगा जन्मला तेव्हा लोक म्हणाले, एल्डन नाव देऊ. उलायुक नको म्हणाली. "दोनदा थंडीनं गेला तो. निजू दे त्याला."

आमचं टपाल जहाजानंच येतं, वर्षातून एकदा. त्या ऑगस्टमध्ये उलायुकच्या नावानं एक पुडकं आलं. आत स्वेटर. राखाडी, निळ्या गळ्याचा, तीन-चार वर्षांच्या पोराच्या मापाचा. तोच मोठा स्वेटर उसवून विणलेला असणार, कारण लोकरीला अजून जुनी वळणं होती. उलायुकनं ते बोटानं चाचपूनच ओळखलं. वर एक चिठ्ठी.

"काय लिहिलंय?"

मी वाचलं. "एल्डनला. आईकडून."

"नाव घेतलं तिनं?"

"घेतलं गं."

उलायुक खाली बसली. पोर गेलं तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. कितीतरी वेळ. आमच्या योनासीनं, माझ्या धाकट्यानं, स्वेटर उचलून डोक्यातून घातला. तो आणि एल्डन एकाच वसंतातले, दोन महिन्यांचं अंतर. मी ओरडले, "काढ तो मेल्या, काढ!" उलायुकनं मला थांबवलं. त्याच्या बाह्या ओढून पाहिल्या, खांदे पाहिले. मग डोळे पुसून म्हणाली, "वहिनी, पत्र लिही."

"हो. लिहिते. या खेपेला सगळं सरळ लिहिते, की तो..."

"लिही, स्वेटर बसला."

"उलायुक!"

"एकदा मुलगा गमावलाय तिनं. आत्ता कुठं हाक मारायला तयार झालीय. आणि मी सांगू, की गेला? तू सांगशील?"

मी लिहिलं. स्वेटर बसला.

पुढच्या ऑगस्टमध्ये दुसरा आला, दोन बोटं मोठा. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. बरोबर प्रश्न. त्याला दूध मिळतं का? छाती कशी आहे? शाळा आहे का तिकडं? उलायुक दरवर्षी योनासीला उभा करायची, स्वेटर घालून मागंपुढं फिरवायची, आणि मग मला सांगायची. लिही, हात लांब झालेत. लिही, दात पडला. लिही, पहिला सील मारला, काळीज तुझ्या वाट्याचं बाजूला काढलं होतं. सगळं खरं होतं, फक्त पोर दुसरं होतं. खोटं लिहिण्यात माझा हात इतका बसला की कधीकधी मलाच वाटायचं, एल्डन बाहेर कुत्र्यांना खायला घालतोय.

दोघी भांडलोसुद्धा. एकदा मी म्हटलं, "किती वर्षं ही फसवणूक? वर कुणाला जाब द्यायचाय की नाही?" तर म्हणाली, "जाब मी देईन. तू शाई संपली का तेवढं बघ."

ठाण्यावर मेजर बदलत गेले. पिवळं पिंप गंजून आडवं झालं, कुणी उभं केलं नाही. उलायुकचे पुढचे दात गेले, मग दाढा. योनासीची उंची वाढत गेली आणि स्वेटरही. चौदावा आला तो पुरा मोठ्या माणसाचा. उलायुकनं तो घडीतून उलगडला, गुडघ्यांवर पसरला, आणि दोन्ही हातांच्या वितीनं मोजला.

"त्या पेटीत होता ना," ती म्हणाली, "तेवढाच आहे हा."

पंधराव्या वर्षी पुडकं आलं नाही. नुसतं पत्र आलं, कुणा शेजारणीचं. एडना मार्चमध्ये गेली. तुमच्या मुलाच्या खुशालीची सगळी पत्रं उशाशी होती. त्याच्याविषयी गल्लीभर सांगत असायची. मी वाचून दाखवलं. उलायुकनं पत्र हातात घेतलं, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिलं, आणि दिव्याखाली जपून ठेवलं. त्या दिवसापासून ती दारात बसायला लागली. कुणाची वाट बघतेस विचारलं तर सांगायची नाही.

नोव्हेंबरात योनासीला मुलगी झाली. अजून नाळही सुकली नव्हती तर उलायुक काठी टेकत आली. म्हणाली, "परवा स्वप्नात आली होती. पातळ कोट तोच. पाणी मागत होती." सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्यात यात विचारायचं काही नसतं.

उलायुकनं हात चुलीवर शेकले, बाळाला मांडीवर घेतलं, बोट पाण्यात बुडवून त्याच्या ओठांना लावलं. "ये गं एडना," म्हणाली.

मग तिनं आमच्याकडे पाठ केली. मला वाटलं, गाणंबिणं म्हणणार. पण ती बाळाला म्हणाली, अगदी हळू, बोळक्या तोंडानं शब्द चुकू नयेत म्हणून एकेक जपत, "बाई, तुझा एल्डन राहिला नाही गं. तू येऊन गेलीस, त्याच्या पुढच्याच जानेवारीत गेला. मी खूप शेकलं त्याला. तुझा एकही स्वेटर त्यानं घातला नाही. लिहिणारी ही असली तरी लबाडी माझी होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता बोलतेय."

सूनबाई रडायला लागली, कशासाठी ते तिलाही कळलं नसेल.

उलायुक मान खाली घालून बसली होती, मार बसायची वाट बघत असल्यासारखी. बाळानं तिचं बोट तोंडात धरलं आणि चोखत राहिलं.

"वहिनी," ती न वळता म्हणाली, "अजून पाणी आण. फार तहानलीय ही."